शाफ्टला कव्हर नाही, तर मशीन शेडबाहेर नाही



आज फवारणीचा सल्ला नाही. खतांचं वेळापत्रकही नाही. आजचा मेसेज लांब आहे आणि यात माझं स्पष्ट मत आहे. चहा घेताना निवांत वाचा, आणि घरात जो ट्रॅक्टर चालवतो त्याला वाचून दाखवा.

पावसाने बागांमध्ये गुडघाभर गवत झालंय. गोडी छाटणी तोंडावर आली. आपल्या अवजार बँकेच्या छोट्या ट्रॅक्टरला, रोटरला आणि गवत कापायच्या मल्चरला रोज बुकिंगचे फोन येताहेत. "आज पाठवा", "आत्ता पाठवा", "शेजाऱ्याचं झालं की लगेच माझ्याकडे". घाई मला कळते. वापसा आला की दोन दिवस हातात असतात, तिसऱ्या दिवशी परत पाऊस.

पण याच घाईत मशीनला काय बांधून आपण बाहेर पाठवतो, ते गेल्या आठवड्यात मी शेडमध्ये उभं राहून पाहिलं. काही पीटीओ शाफ्टचं प्लास्टिक कव्हर शाबूत आहे. काहींचं अर्धं तुटलंय. एक तारेने बांधलंय. आणि काहींवर काहीच नाही, नुसता लोखंडी दांडा. म्हणून माझं मत सरळ सांगतो: ज्या शाफ्टला कव्हर नाही, ते अवजार कंपनीने भाड्याने देऊ नये. कितीही घाई असो, मागणारा कोणीही असो, संचालक असला तरी. आणि सभासदानेही ते मागू नये.

हे कडक वाटेल. का म्हणतो ते आता सांगतो.

*५४० म्हणजे नेमकं किती?*

ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओवर ५४० लिहिलेलं असतं. सगळे ऐकून आहेत. पण आकडा अंगावर घेऊन पाहू. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्ट समजा दोन इंच जाडीचा धरला, तर त्याचा घेर सव्वासहा इंच. एका सेकंदात ९ वेढे, म्हणजे साधारण पावणेपाच फूट कापड तो एका सेकंदात ओढून घेतो.

खांद्यावरचं उपरणं सहा फुटांचं असतं. म्हणजे सव्वा सेकंदाचा खेळ. साडी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. ती चार सेकंद पण पुरत नाही. आणि हा हिशोबही कमीचा आहे, कारण वेढे पडत गेले की गुंडाळी जाड होते आणि ओढ आणखी वाढते.

आता आपल्या बाजूने बघा. काहीतरी ओढलं गेलं हे डोक्याला कळायलाच अर्धा-पाऊण सेकंद जातो. तोपर्यंत दोन-तीन फूट कापड आत. मग हात लावून सोडवायला जावं, तर हातही गेला. पीटीओचा दांडा पुढे सीटपाशी, माणूस मागे शाफ्टपाशी. तिथपर्यंत पोहोचायला वेळच नसतो.

म्हणून "मी लक्ष ठेवून काम करतो" हे वाक्य पीटीओसमोर चालत नाही. लक्ष ठेवणारा माणूस आणि सेकंदाला नऊ फेरे मारणारा लोखंडी दांडा यांची बरोबरीच होत नाही. इथे लक्ष नाही, आड लागतो. तो आड म्हणजे ते पिवळं नाहीतर काळं प्लास्टिक कव्हर.

*कव्हर काढतात का?*

ड्रायव्हर मुद्दाम धोका ओढवून घेत नाही. कव्हर जाण्याची तीन कारणं मला शेडमध्येच कळली.

पहिलं, ग्रीस. क्रॉसचा निपल कव्हरच्या आत असतो. दर आठ-दहा तासांनी तिथे ग्रीस द्यायचं. कव्हर सरकवायचा कंटाळा येतो, मग कोणीतरी ते कापूनच टाकतो.

दुसरं, साखळी. कव्हरच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक साखळी असते. तिचं काम काय हे बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नाही. ती एका बाजूने ट्रॅक्टरला, दुसऱ्या बाजूने अवजाराला अडकवायची. मग आतला शाफ्ट फिरतो आणि वरचं कव्हर जागेवर थांबतं. साखळी तुटली की कव्हरही शाफ्टसोबत फिरू लागतं, घासतं, तापतं, आणि शेवटी फुटतं. दहा-वीस रुपयांच्या साखळीमुळे पूर्ण कव्हर जातं.

तिसरं, वळणावर लिफ्ट फार वर उचलणे. पीटीओ चालू ठेवूनच रोटर पार वरपर्यंत उचलला की शाफ्टचा कोन वाकडा होतो, खडखड आवाज येतो, कव्हर टोकाला दाबून चिरतं आणि क्रॉसही लवकर जातो. वळताना पीटीओ बंद, मग उचलणं, मग वळणं. दोन सेकंद जास्त जातील. क्रॉसचा खर्च वाचेल तो वेगळाच.

म्हणजे कव्हर "आपोआप" जात नाही. देखभाल नीट नसली की जातं. आणि देखभाल ही एकट्या ड्रायव्हरची नाही, मालकाची जबाबदारी आहे. अवजार बँकेत मालक म्हणजे कंपनी, आणि कंपनी म्हणजे तुम्ही-आम्ही.

*"आमचा ड्रायव्हर पंधरा वर्षांचा जुना आहे"*

हे मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतं. मान्य. जुना ड्रायव्हर ओळीत गाडी कशी घालायची, तारेखालून कसं निघायचं, झाडाच्या बुंध्याला धक्का न लावता मल्चर कसा फिरवायचा, हे माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या पोराला दहा वेळा शिकवेल. त्याच्या हाताबद्दल मला शंका नाही.

पण सवयीचा एक तोटा असतो. हजार वेळा शाफ्ट ओलांडून गेलो आणि काही झालं नाही, की हजार एकाव्या वेळी माणूस खाली बघतच नाही. पीटीओ मात्र हजार एकाव्या वेळीही नऊच फेरे मारतो. जुना ड्रायव्हर म्हणून कव्हर नको, हे म्हणणं म्हणजे पोहता येतं म्हणून विहिरीला कठडा नको म्हणण्यासारखं आहे. विहिरीचा कठडा पोहणाऱ्यासाठी नसतोच. तो अंधारात चालणाऱ्यासाठी, पोरांसाठी, थकलेल्यासाठी असतो. आणि दिवसाचे दहा तास गाडी चालवल्यावर जुना ड्रायव्हरही थकतोच.

*घाई कोण लावतं?*

आता थोडं आपल्याकडेच बोट दाखवतो, राग मानू नका.

आपण भाडं एकरावर ठरवतो. जितके जास्त एकर, तितका ड्रायव्हरचा भत्ता. मग तो ग्रीस द्यायला कशाला थांबेल? पात्यात गवत, तार, ठिबकची नळी अडकली तर पीटीओ बंद करून, इंजिन बंद करून, खाली उतरून काढायला पाच-सात मिनिटं जातात. इंजिन चालूच ठेवून काठीने ढोसलं तर एक मिनिट. एकरावर पैसे मिळणारा माणूस कोणतं निवडेल? आणि बांधावर उभा राहून "झालं का, झालं का" कोण विचारतं? आपणच.

म्हणून मला हा प्रश्न ड्रायव्हरच्या बेफिकिरीचा वाटत नाही, दराचा वाटतो. माझी सूचना आहे की रोज सकाळची पंधरा मिनिटं आणि संध्याकाळची दहा मिनिटं तपासणीची म्हणून ड्रायव्हरला पगारी मिळावीत, ती भाड्याच्या हिशोबात आधीच धरावीत. एकराला चार पैसे वाढतील. वाढू देत. वर्षभरात एका सभासदाच्या वाट्याला येणारी वाढ फवारणीच्या एका बाटलीएवढीही होणार नाही.

*मडगार्ड ही सीट नाही*

दुसरी गोष्ट लेकरांची. नातू हट्ट करतो, आजोबा मडगार्डवर बसवतात. फोटो काढतात, स्टेटसला टाकतात. ट्रॅक्टरला सीट एक, ती चालवणाऱ्याची. सरीत चाक गेलं, क्लच झटक्यात सुटला, की मडगार्डवरचं लेकरू पुढे पडत नाही, मागच्या चाकासमोर नाहीतर थेट रोटरवर पडतं. आजोबांचा हात कितीही घट्ट असला तरी एक हात स्टेअरिंगवर असतो.

कायद्याचं पण सांगतो. ट्रॅक्टरवर बसवलेल्या माणसाचा धोका विमा पॉलिसीत सहसा धरलेला नसतो. आणि २०१९ ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अठराच्या आतल्या मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा घडला तर पालक नाहीतर मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. शेतातून घरी येताना मधला रस्ता लागतोच ना? "पोरगं आठवीत आहे, पण ट्रॅक्टर झकास चालवतं" हे कौतुकाने सांगायचं दिवस गेले.

*स्क्रू ड्रायव्हर लावून सेल्फ मारणे*

बॅटरी उतरली, चावी खराब झाली, की खाली उभं राहून स्टार्टरच्या दोन बोल्टांना पान्हा नाहीतर स्क्रू ड्रायव्हर टेकवून गाडी चालू करतात. हे मी फार जणांना करताना पाहतो, आणि हसत हसत करतात.

यात काय होतं ते समजून घ्या. क्लच दाबल्याशिवाय नाहीतर गिअर न्यूट्रल असल्याशिवाय गाडी चालू होऊ नये म्हणून कंपनीने एक स्विच दिलेला असतो. पान्हा टेकवला की तो स्विच बाजूला पडतो. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन धरताक्षणी पुढे निघते, आणि पान्हा धरणारा माणूस बरोबर मागच्या मोठ्या चाकासमोर उभा असतो. सेल्फ खराब असेल तर त्या दिवशी काम बंद. दुरुस्तीचा खर्च अवजार बँकेने त्याच दिवशी मंजूर करायचा, आठवडाभर सहीसाठी फिरवायचं नाही. सीटवर बसल्याशिवाय गाडी चालू करायची नाही.

*उतार, बांध आणि ओढणं*

छोटा ट्रॅक्टर अरुंद असतो, म्हणून तर तो ओळीत जातो. पण अरुंद म्हणजे पलटायलाही सोपा. ओल्या गवतावर चाक साबणासारखं घसरतं.

उताराला आडवं चालण्यापेक्षा शक्यतो वर-खाली चाला. बांधाच्या, चारीच्या, शेततळ्याच्या कडेला अगदी टोकाने गवत कापायला जाऊ नका. पावसाने कड पोकळ झालेली असते, वरून दिसत नाही. तो पट्टा विळ्याने नाहीतर खांद्यावरच्या ग्रास कटरने काढा.

चारीत रुतलेली गाडी किंवा झाडाचं खोड ओढताना साखळी कायम खालच्या हुकाला लावा. टॉप लिंकच्या जागी वर बांधली, की जोर लागताच ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि गाडी मागे पलटते. सावरायला वेळ मिळत नाही. खड्ड्यातून पुढे निघत नसेल तर जोर न लावता रिव्हर्समध्ये बाहेर काढा.

डोक्यावर लोखंडी दांड्याची चौकट असलेला ट्रॅक्टर असेल, तर चौकट उभी असताना पट्टा लावाच. द्राक्षाच्या तारेखाली ती आडवी करावी लागते, तेव्हा पट्टा लावू नका, आणि बाहेर आलं की चौकट परत उभी करा. ज्या गाडीला चौकटच नाही, तिथेही पट्ट्याने स्वतःला बांधून घ्यायचं नाही.

रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडणारी पट्टी लावा. शेतात वळायला एकेक ब्रेक ठीक. रस्त्यावर वेगात एकच ब्रेक दाबला गेला तर गाडी गिरकी घेते.

*गवत कापणारं मशीन दगडही फेकतं*

मल्चर, स्लॅशर यांना लोक गवताचं मशीन म्हणून हलकं समजतात. त्याची पाती गवतात लपलेला दगड, तारेचा तुकडा, फुटलेली बाटली लांब फेकू शकतात, थेट शेजारच्या ओळीतल्या बाईच्या डोळ्यापर्यंत. म्हणून मल्चर चालू असताना त्या प्लॉटमध्ये दुसरं काम नको. छाटणीची माणसं, डिपिंगच्या बायका, कुणीच नको. मागचा पडदा, साखळ्या किंवा पत्रा तुटलेला असेल तर मशीन सभासदाने परत पाठवावं.

कापायच्या आधी ओळीतून एकदा चालत फेरी मारा. दगड, तार, ठिबकच्या पिना, जुने बांबू उचला. ही फेरी शेतमालकाची जबाबदारी, ड्रायव्हरची नाही. तुमच्या बागेत काय पडलंय ते तुम्हाला माहीत असतं.

आणि हे लक्षात ठेवा: पीटीओ बंद केला तरी पाती लगेच थांबत नाहीत. फिरत राहतात. हात घालायच्या आधी पीटीओ बंद, अवजार जमिनीवर, हँडब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात, मग पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबणं. चावी खिशात का? तुम्ही खाली वाकलेले असताना कुणी "जरा पुढे घेतो" म्हणून गाडी चालू करू नये म्हणून.

*देखभाल म्हणजेच सुरक्षा*

सकाळी चालू करायच्या आधी एवढं बघा. एवढंच, पण रोज.

१. शाफ्टचं कव्हर अखंड आहे, इंजिन बंद असताना हाताने सुटं फिरतं, दोन्ही साखळ्या लावल्यात. लॉक पिन पूर्ण बसलीय.

२. क्रॉसला ग्रीस. शाफ्टच्या एकमेकांत सरकणाऱ्या नळ्यांनाही थोडं.

३. रोटरच्या पात्यांचे बोल्ट पान्ह्याने आवळून. नवीन पातं बसवल्यावर पहिल्या दोन-तीन तासांनी परत आवळणे. शिअर बोल्ट तुटला तर त्याच ग्रेडचा टाका. खिळा नाही, जास्त कडक बोल्ट नाही. तो तुटण्यासाठीच असतो, म्हणजे गिअर बॉक्स वाचतो.

४. इंजिन ऑइल, रेडिएटरचं पाणी, एअर क्लीनर. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. वाफ तोंडावर येते.

५. टायरमधली हवा दोन्ही बाजूला सारखी. एका बाजूला कमी असेल तर उतारावर गाडी आधीच तिकडे झुकलेली असते.

६. डिझेल इंजिन बंद करून, थंड झाल्यावर. विडी-काडी लांब.

लिफ्ट वर करून खाली शिरायचं असेल तर आधी लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावा. नुसत्या हायड्रोलिकच्या भरवशावर रोटरखाली झोपू नका. दांड्याला कुणाचा धक्का लागला की सगळं वजन खाली येतं.

हायड्रोलिक पाइपची बारीक गळती बोटाने शोधू नका. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीतून आत जातं. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण आत बोट सडतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधा. आणि कधी तेल शिरलंच तर "काही नाही, टोचलंय" म्हणून घरी बसू नका, त्याच तासात मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना "दाबाचं तेल शिरलंय" असं स्पष्ट सांगा.

*कपड्यांचं*

उपरणं, मफलर, लोंबती ओढणी, पदर, सैल बाही, कमरेची सुटी दोरी, मोकळे केस हे मशीनपाशी नको. ताई-मावशींना विनंती: मल्चर, ब्लोअर, कडबा कुट्टी चालू असताना पदर खोचून वरून शर्ट घाला. शेतात बऱ्याच जणी तसा घालतातच, मशीनपाशी तो नियम करा. आणि ड्रायव्हरने कानात इअरफोन लावून गाणी ऐकत गाडी चालवू नये. मागून कुणी ओरडलं तर ऐकू आलं पाहिजे.

*अपघात झालाच तर*

पहिलं काम इंजिन बंद. अडकलेला हात ओढू नका, शाफ्ट उलटा फिरवू नका. १०८ ला फोन करा, गट नंबर नाही तर ओळखीची खूण सांगा, आणि एक माणूस रस्त्यावर उभा करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, दाब सोडू नका. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. हळद, चहापूड, डिझेल काहीही लावू नका.

*पैशाची बाजू*

शेतकऱ्याला अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यूला दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. वय १० ते ७५. पण ती सातबारावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. आता विचार करा, आपल्या मशीनवर सगळ्यात जास्त तास कोण बसतं? ड्रायव्हर. आणि त्याच्या नावावर बऱ्याचदा गुंठाभर जमीन नसते. म्हणजे धोका सगळ्यात जास्त त्याला, आणि योजनेत तोच नाही.

त्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपये, बँक खात्यातून कापले जातात, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यूला दोन लाख, एक हात किंवा पाय गेला तर एक लाख. वर्ष १ जून ते ३१ मे. वीस रुपये! चहाच्या दोन कपांचे पैसे. कंपनीने आपल्या प्रत्येक ड्रायव्हरचा, आणि सभासदांनी आपल्या घरच्या सालगड्याचा हा विमा उतरवलाय का ते आजच विचारा. पण एक लाख मिळाले म्हणून हात परत येत नाही, हेही तितकंच खरं. विमा कव्हरच्या जागी नाही, कव्हरच्या नंतर.

*माझं मागणं*

संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी चार गोष्टी मांडणार आहे.

एक, कव्हर नसलेला शाफ्ट आणि मागचा पडदा नसलेला मल्चर शेडबाहेर जाणार नाही. कव्हर, साखळ्या, शिअर बोल्ट यांचा साठा शेडमध्येच राहील, म्हणजे "मिळालं नाही" हे कारण उरणार नाही.

दोन, तपासणीचा वेळ पगारी.

तीन, सभासदाच्या शेतात मडगार्डवर कोणी बसलं किंवा प्लॉटमध्ये माणसं असतानाच मल्चर चालवायला सांगितलं, तर ड्रायव्हरने काम थांबवायचं, आणि त्या दिवसाचा त्याचा भत्ता कापला जाणार नाही. हा अधिकार त्याला लेखी मिळाला पाहिजे. नाहीतर गावच्या पाटलाला, सरपंचाला, नाहीतर संचालकाला तो "नाही" कसं म्हणणार?

चार, सगळ्या ड्रायव्हरांचा वीस रुपयांचा विमा कंपनीच्या खर्चाने.

काही जण म्हणतील, नियम कडक केले तर लोक शेजारच्या गावातला खासगी ट्रॅक्टर बोलावतील, आपलं भाडं बुडेल. थोडं बुडेलही. पण आपण सगळ्यांनी पैसे घालून कंपनी उभी केली ती फक्त भाड्याला नाही. माल एकत्र विकताना आपण प्रत वेगळी काढतो, खराब मणी काढून टाकतो, तेव्हा "दुसरे टाकत नाहीत" असं कुठे म्हणतो? मालाला जी शिस्त लावतो, ती माणसाला का नाही?

१९८३ ला आपल्या देशात धोकादायक यंत्रांसाठी कायदा झाला, तो मळणी यंत्रात लोकांचे हात जात होते म्हणून. तेव्हाही "शेतकरीच निष्काळजी" असं म्हणणारे होतेच. पण मशीनला आड लावला तर हात वाचतो, हे त्या कायद्याने मान्य केलं. आपल्याला नवा कायदा नको. आपल्या शेडच्या दारात एक नियम हवा, आणि तो पाळायला तुमची साथ.

या मेसेजला उत्तर द्या. "नियम हवा" किंवा "नियम नको" एवढं लिहा. नको म्हणत असाल तर का, ते दोन वाक्यात सांगा, लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज टाका. सगळी उत्तरं बैठकीत वाचून दाखवेन, नावं न घेता. आणि तुमच्या घरच्या ट्रॅक्टरच्या शाफ्टला कव्हर आहे का, ते आज संध्याकाळी बॅटरी घेऊन बघून या. नसेल तर फोटो पाठवा, माप घेऊन मागवायची व्यवस्था करू.

पुढच्या सोमवारी नेहमीसारखा छाटणीपूर्व सल्ला येईल. तोपर्यंत सांभाळून.

आपला,
कृषी सल्लागार, अवजार बँक व पीक सल्ला विभाग